महायुद्धाला मास्तर मिळेना

आमच्या घरातला एक नियम मला कळायला लागल्यापासून ठाऊक आहे. आपल्या घरातली मुलगी शिकायला परक्याच्या उंबऱ्यावर जात नाही. शाळेत जा, कॉलेजात जा. क्लास नाही, शिकवणी नाही. का नाही, ते विचारायचं नाही. आठवीत असताना मी विचारलं होतं. आप्पा म्हणाले, "नाय म्हंजे नाय." एवढं सविस्तर उत्तर मिळाल्यावर माणूस आणखी काय विचारणार!

आप्पा म्हणजे माझे मोठे काका. आमचं गाव पेणच्या खाडीकडचं, आप्पांचा जन्म मिठागरात गेलेला. बाबा नागोठण्याला कंपनीत शिफ्टला असतात, त्यामुळे घरातलं सगळं आप्पा ठरवतात आणि बाबा ड्यूटीवरून आले की मान डोलावतात.

तर हा नियम मी मोडला तो दुसऱ्या महायुद्धामुळे. टी.वाय.ला माझा इतिहास. आमचे सर वर्षाच्या मध्येच बदलून गेले, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही आणि निम्मा पेपर महायुद्धावर! व्हायचं तेच झालं. बाकी सगळं सुटलं, एवढा एक पेपर राहिला. आप्पांनी निकाल दिला, "आता पास झालीस तर बी.एड. कर. नाय झालीस तर मी स्थल बघतो."

माझी मैत्रीण कल्पना हमरापूरची. तीही याच पेपरात आपटलेली. मग पेणपासून रोह्यापर्यंत आम्ही दोघी महायुद्ध शिकवणारा माणूस शोधत हिंडलो. एकेक नमुना असा भेटत गेला की कट्ट्यावरच्या मैत्रिणी "अभ्यास झाला का?" विचारायचं सोडून "काल कोण भेटलं?" एवढंच विचारायला लागल्या. त्यांना सांगून सांगून माझा घसा बसला, म्हणून आता लिहून टाकते.

*

पहिले भेटले ते पेणचे गणिताचे सर. दहावीचे क्लास घेतात. म्हणाले, "इतिहास ना? त्यात काय आहे शिकवण्यासारखं? या उद्यापासून."

पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर महायुद्धाची सात कारणं लिहिली. हिटलर चौथ्या नंबरला.

मी विचारलं, "सर, हिटलर चौथा का?"

"तीननंतर चार येतात म्हणून!"

दुसऱ्या दिवशी सर अडखळायला लागले. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलंच नाही. खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं, 'जर्मनीचे रणगाडे ताशी तीस किलोमीटर वेगाने पोलंडकडे निघाले. अंतर दोनशे दहा किलोमीटर. तर पोलंड किती वाजता पडेल?'

कल्पनाने वही उघडली आणि गणित सोडवलं. वर हात करून विचारते, "सर, निघाले किती वाजता ते दिलं नाही!"

सर म्हणाले, "शाबास! हेच बघत होतो."

चौथ्या दिवशी आम्ही गेलो नाही.

*

मग सायबर कॅफे. पेणला स्टँडजवळ होता. तिथल्या दादाला सांगितलं, दुसऱ्या महायुद्धाची माहिती हवी, परीक्षेसाठी. तो म्हणाला, "ताई, तुम्ही बसा, मी काढून देतो. मला हा विषय पाठ आहे." मला बरं वाटलं. गावात असा हुशार मुलगा, आणि आपल्याला पत्ताच नाही!

त्याने तब्बल चाळीस पानांची प्रिंट काढून दिली. इंग्रजीत होती, म्हणून डिक्शनरी घेऊन आम्ही दोन दिवस अर्थ लावत बसलो. तारखा नाहीत, तह नाहीत, कुठली बंदूक कुठल्या भिंतीमागे ठेवलीय एवढं मात्र बारकाईने. मला वाटलं, संशोधन खोलवर आहे. तिसाव्या पानावर वाक्य आलं, 'येथे तुम्ही मेलात तर घाबरू नका, तुमच्याकडे अजून दोन जीव शिल्लक आहेत.'

कॉम्प्युटरवरचा खेळ होता तो! त्या दादाला खरोखरच पाठ होता.

*

रोह्याला एक निवृत्त सर राहतात असं कळलं. एकतीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवलेले. पॅसेंजरने गेलो. सरांनी हौसेने जुनी वही काढली, त्यांच्या बाईंनी कोकम सरबत दिलं, आणि खरं सांगते, इतकं सुंदर मला कुणी शिकवलं नव्हतं. पॅरिस पडलं तेव्हा सरांचा आवाज भरून आला. लंडनवर बाँब पडायला लागले तेव्हा कल्पनाने पाय वर घेतले.

चार रविवार गेले. पाचव्या रविवारी जपानची विमानं आली, अमेरिकेची जहाजं जळायला लागली, आणि सरांनी वही मिटली.

मी विचारलं, "पुढे काय झालं सर?"

सर म्हणाले, "पुढे गॅदरिंग."

"म्हणजे?"

"म्हणजे दरवर्षी इथपर्यंत आलो की गॅदरिंगची तयारी सुरू व्हायची. मग सहल, मग प्रिलिम. एकतीस वर्षांत माझा पोर्शन एकदाही पुरा झाला नाही. पुढच्या नोट्स काढायची वेळच आली नाही."

आतून बाई ओरडल्या, "तिकडे माणसं मरतायत, आणि हे निघाले नाटक बसवायला!"

सर ओशाळले. आम्हाला सोडायला फाटकापर्यंत आले. हळूच म्हणाले, "तुमचं युद्ध संपलं की मला एक कार्ड टाका."

*

आईला माझं हे हिंडणं माहीत होतं. आप्पांनी विचारलं की ती "कल्पनाकडे गेलीय" म्हणायची. रविवार आला की ते खोटंच असायचं, पण आईने एकदाही जीभ चावली नाही.

एक दिवस भाकऱ्या थापता थापता तिने विचारलं, "ती लढाई चालली व्हती तवा बायका काय करत व्हत्या गो?"

मी पुस्तक चाळलं. मागून पुढे, पुढून मागे. मग म्हटलं, "नाही दिलेलं."

"रांधत असतील," आई म्हणाली. "लिवायचं ऱ्हायलं असंल."

*

शेवटी कल्पना म्हणाली, आता आपणच शिकू. त्यांच्या घरी गणपतीचा कारखाना आहे. सगळं हमरापूर त्याच कामात. शेडमध्ये हातभर उंचीच्या कच्च्या मूर्ती रांगेने वाळत असतात, अजून रंग न दिलेल्या. कल्पनाने जमिनीवर खडूने युरोप काढला, एका कोपऱ्यात जपान, आणि एकेका देशावर एकेक मूर्ती ठेवली. रशियावर सगळ्यात मोठी.

तिचे बाबा धावत आले. "बाप्पाला लढाईत घालताय? लाज नाय वाटत?"

कल्पना म्हणाली, "बाबा, डोळे कुठे आखलेत अजून? तुम्हीच सांगता ना, डोळे आखेपर्यंत नुसती मूर्ती!"

तिचे बाबा आले तसे परत गेले. हे ते खरंच गिऱ्हाइकांना सांगतात.

मग काय युद्ध झालं! जर्मनी इकडून सरकतेय, इंग्लंड तिकडून. आम्ही जेवायला गेलो, परत येऊन बघतो तर इटली गायब!

"बाबा, इथली मूर्ती कुठे गेली?"

"ती? ती पुण्याला गेली. कच्च्या मूर्ती न्यायला टेम्पो आलेला, एक कमी पडत व्हती."

कल्पना किंचाळली, "इटली पुण्याला गेली!"

इटली युद्धातून आधी बाहेर पडली हे मी आता मरेपर्यंत विसरणार नाही. पुढे रशियाला सरकवताना माझा धक्का लागला आणि जर्मनी मधोमध तडकली. सरळ दोन तुकडे! कल्पनाच्या बाबांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि प्लास्टर कालवून तुकडे सांधायला बसले. कल्पना म्हणाली, "बाबा, सांधू नका, ते पुढच्या पेपरात येतं."

उरला जपान. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर जपान फळीवर बसलेला, आणि आमच्याकडे बघतोय! कल्पनाच्या आईने पहाटे उठून डोळे आखले होते. बाकीचा रंग नंतर देता येईल म्हणाल्या, पण डोळे आधी. नाहीतर तोही लढाईत जायचा.

हात जोडून आम्हाला म्हणाल्या, "आता याला लढायला लावलंत तर बघा!"

महायुद्ध तिथेच संपलं.

*

राहिला होता रशियाचा प्रश्न. एवढी मोठी जर्मन फौज तिकडे हरली कशी? पुस्तकात एकच ओळ, 'प्रतिकूल हवामानामुळे'. कुणीतरी सांगितलं, निडीला एक निवृत्त फौजी आहेत, त्यांना विचारा.

एव्हाना आमच्या हिंडण्याची बातमी आप्पांपर्यंत पोचली होती. त्या दिवशी आम्ही पॅसेंजरमध्ये बसलो तर मागच्या डब्यात एक पांढरी टोपी दिसली. निडीला उतरणारी माणसं ती किती! आम्ही दोघी, एक मासळीवाली, आणि आप्पा.

आम्ही वळून बघितल्यावर आप्पा पाठ फिरवून भिंतीवरची पाटी वाचायला लागले. पाटीवर 'थुंकू नये' एवढंच होतं. आप्पांनी ते पाच मिनिटं वाचलं.

मी म्हटलं, "आप्पा, चला आता."

"मी माज्या कामानं आलोय."

"कसलं काम?"

"हाय एक." असं म्हणून वीस पावलांचं अंतर ठेवून आमच्यामागून यायला लागले.

फौजीकाका ओटीवर बसले होते. "लढाई कंची?" त्यांनी विचारलं.

"दुसरं महायुद्ध."

"त्यात मी नव्हतो. मी एकाहत्तरला व्हतो. आनि तिथंही लंगरात, जेवण रांधायला." आमचे चेहरे बघून त्यांना दया आली असावी. आत नेऊन बसवलं. म्हणाले, "बरं, सांग. फौज केवढी?"

मी सांगितलं.

"थंडी?"

सांगितली.

"गरम कपडे?"

"पुरेसे नव्हते. थंडीच्या आत जिंकू असं वाटलं होतं त्यांना."

"रस्ते?"

"आधी चिखल, मग बर्फ."

"मग रसद रेल्वेनं न्यायची."

"काका, तिकडच्या रुळांची रुंदी वेगळी. यांचे डबे चालेनात."

काकांनी मांडीवर थाप मारली. "मग मेले!"

"हो काका. हरले."

"मग मला कशाला इचारता? तुमाला सगलं येतंय की!"

खरंच येत होतं! फक्त कुणी असं ओळीने विचारलं नव्हतं. मी भराभर वहीत उतरवून घेत होते, तेवढ्यात दाराबाहेरून आवाज आला, "पन मीठ? एवढ्या मान्सांना मीठ कुठून आनलं त्यांनी?"

आप्पा! उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून सगळं ऐकत होते.

फौजीकाका उठून उभेच राहिले. "या, आत या! हा खरा सवाल!"

आणि आप्पा आत आले. मग मीठ, पीठ, बटाटा, खारवलेलं मांस, पावसात मीठ कसं टिकवायचं, बर्फात कसं टिकेल... दोन तास! आमची गाडी चुकली. शेवटी आप्पांनीच जाहीर केलं, "तो हिटलर एक दिवस जरी मिठागरावर आला असता, तरी त्या वाटेला गेला नसता."

परतीच्या गाडीत आप्पा माझ्या शेजारी बसले. नागोठणं गेल्यावर खालच्या आवाजात म्हणाले, "घरी सांगू नको."

"काय? मी शिकायला जाते ते?"

"नाय गो. मी आत गेलो ते."

*

आणि मग पेपरच्या आदल्या दिवशीची दुपार.

मी वरच्या खोलीत वह्या पसरून बसले होते. आत्या वर आली आणि म्हणाली, "साडी नेस. अलिबागकडची माणसं आल्यात." हे स्थळ आत्याने आणलेलं. पास-नापासाचा करार आप्पांचा होता, आत्याचा नव्हता!

मी पोहे घेऊन खाली गेले. समोर मुलाचे वडील, मुलाचे मामा आणि दोन बायका. मुलगा आला नव्हता, त्याला म्हणे ड्यूटी होती. मला नाव विचारलं. उंची विचारली. मग मामांनी पोह्यांचे दोन घास खाल्ले, मुलाच्या वडिलांकडे बघितलं आणि म्हणाले, "आपल्याला पसंत हाय. उद्याचा दिस चांगला हाय. साखरपुडा उरकून टाकू."

आप्पा चुळबुळले. "उद्या तिचा पेपर हाय..."

"पेपर काय, परत देता येतो," मामा म्हणाले.

"स्थल परत येत नाय," आत्या म्हणाली.

बाबा ड्यूटीवरून तसेच आले होते, कंपनीच्या शर्टात. त्यांनी सवयीने मान डोलावली. सगळे आप्पांकडे बघायला लागले. आप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे बघितलं. म्हणाले, "बरं. उद्या करू."

मी ट्रे खाली ठेवला.

"उद्या अकरा वाजता मी पेणला पेपरला बसलेली असेन," मी म्हटलं. "साखरपुडा तुम्ही करा."

मामा मोठ्याने हसले. "अगो, तुज्याशिवाय कसा करायचा?"

"ठरवला तसाच!"

मामांचं हसू थांबलं. आत्याने तोंड उघडलं, आप्पांकडे बघितलं आणि मिटलं. बाबांची मान अर्ध्यावर थांबली. बशीवरचा एकही हात हलेना.

आप्पा भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले, निडीला पाटी वाचली होती तसं.