तू ढोलच ऐक

जॅझ-रॉक फ्यूजन ऐकणारे आमच्या भागात बहुधा आम्ही दोघंच. मी चंद्रपूरचा, माझा दोस्त सिंदेवाहीचा. तो झाडीपट्टीच्या नाटकांत ऑक्टोपॅडवर ड्रम वाजवायचा. दिवाळी ते होळी गावोगावी, मोठाल्या साउंडबॉक्सच्या शेजारी बसून. मी त्याला फोनवर बँड सुचवायचो आणि कुठे कान द्यायचा तेही बजावायचो. तो न चुकता ऐकायचा, पण बोलायचा फक्त ड्रम आणि बेसबद्दल. "भाऊ, सातचा ताल हाये, पण कसा फिरवला ना बाप्पा!" गिटारबद्दल अवाक्षर नाही. माझ्या सर्वांत लाडक्या गिटारवाल्यावरही तो गप्प राहिला, तेव्हा माझं टाळकं सरकलं. "तुले गिटार समजतच नाई," मी म्हणालो. "तू ढोलच ऐक."

"असन बा," म्हणून तो हसला.

यंदा होळीनंतर त्याच्या घरी गेलो. दारातच त्याच्या बायकोनं सांगितलं, बारीक, वरच्या पट्टीचे आवाज त्याला कित्येक वर्षांपासून ऐकूच येत नाहीत. आता जाड आवाजही कमी ऐकू येऊ लागलेत, म्हणून वाजवणं सोडलंय.

आत तो मी सुचवलेलाच बँड लावून बसला होता. दोन्ही तळवे साउंडबॉक्सवर टेकवलेले, डोळे मिटलेले. बेस थांबला, तसे त्यानं डोळे उघडले. समोर मी.

"भाऊ, आता गिटार चालू हाये ना?" त्यानं विचारलं. "कशी वाजवून राह्यला, सांग ना."

मी त्याच्या शेजारी बसलो आणि माझेही तळवे साउंडबॉक्सवर टेकवले.