यमी बसली तो दगड

गाव सोडलं त्या दिवशी माझी वळकटी यमीच्या डोक्यावर होती. दादा, आपली धाकटी बहीण, चौदा वर्षांची. फाट्याच्या अलीकडं ती धापा टाकत दगडावर बसली. आई म्हणाली, "बसू दे. आळशी हाय ती. तू पळ, गाडी चुकंल." मी हसलो, वळकटी उचलली आणि पळालो. शहाडला कारखान्यात चिकटलो. वर्षाच्या आत पत्र आलं, यमी गेली. कशानं, ते कुणी लिहिलं नव्हतं. ठाऊकच नसेल.

दादा, तू फोनवर दर वेळी विचारतोस, गावाला कधी येणार. म्हणून हे लिहितो. मी चौथी शिकलेला, पण लिहीन ते खरं लिहीन.

आता आम्ही बदलापुरात, हेंद्रेपाड्याला, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. नात पल्लवी नववीत. गेल्या साली ती जिन्यातच बसायला लागली. मी म्हटलं, "आळशी कुठली! मोबाईल सोड, पाय आपोआप चालतील."

मग तिला वर्गात चक्कर आली. त्यांच्या हायस्कुलात एक सिस्टर असतात. डॉक्टर नाहीत, पण पोरांना काही झालं की आधी त्याच तपासतात. त्यांनी मला बोलावून पोरीची खालची पापणी ओढून दाखवली. पांढरीफटक.

"आजोबा, ही आळशी नाही. हिच्या अंगात रक्त कमी आहे."

यमीची पापणी कुणी ओढून पाहिली नव्हती.

सिस्टरनी दिलेल्या रक्तवाढीच्या गोळ्यांचं काम मी माझ्याकडं घेतलं. रोज सकाळी समोर उभा राहून गोळी, वर कपभर चहा. एक दिवस चुकवला नाही. दोन महिन्यांनी सिस्टरनी रक्त तपासलं, होतं तिथंच.

"गोळी कशाबरोबर देता?"

"चहाबरोबर. आमच्याकडं औषध चहाबरोबरच घेतात."

"अहो, चहा ती गोळी अंगी लागू देत नाही. लिंबूपाण्याबरोबर द्या. नंतर दोन तास चहा नको."

"माझी आई तर..."

"आईंना कुणी सांगितलं नसेल, आजोबा."

आईचं चुकलं, हे मला तिथं पटलं नाही. येताना लिंबं मात्र घेतली.

काल मी दुसऱ्या मजल्यावर टेकलो, तर पल्लवी वरून ओरडली, "आप्पा, चला ना! आळशी कुठले!" सून तिच्यावर रागावली. मी नाही.

दादा, पाय दुखतात हे माझं निमित्त. गावाला यायचं तर त्या दगडावरून यावं लागतं. घर म्हणशील तर आता इथंच, ही पोर न थांबता चढते तिथवर. तो दगड अजून असला आणि त्यावर कुणाची लेक बसलेली दिसली, तर आधी तिची पापणी बघ.