खंडव्यावरून आलेला घड

केळी घ्यायची नसली तरी फळमंडीत गेलो की मी केळ्यांचा भाव विचारतोच. कोपऱ्यावरच्या केळीवाल्याला ही सवय ठाऊक आहे. मी लांबून दिसलो की तो ओरडतो, “आओ बाबूजी, आज लेना है कि खाली पूछना है?”

“पहले बता, फिर देखेंगे.”

तो भाव सांगतो. मी एक केळं उचलून देठाजवळ अंगठ्यानं दाबून बघतो, परत ठेवतो आणि पुष्कळदा तसाच पुढे जातो. बायको बरोबर असली की तिला संकोच होतो. “घरात डझनभर केळी पडलीत, मग विचारायचं कशाला?” असं ती म्हणते. तिला याचं उत्तर माहीत आहे, पण मुलांना माहीत नाही. त्यांच्यासाठीच हे लिहून ठेवतो आहे.

माझ्या लहानपणी उज्जैनला चांगली केळी सहज मिळत नसत. शिप्रेकाठच्या बागांमधली बारकी देशी केळी असत, ती गोड पण दोन घासांची. मोठं केळं यायचं ते बऱ्हाणपूर आणि खानदेशाकडून. खंडव्यापर्यंत मोठ्या लाइनवरून, तिथे उतरवून छोट्या लाइनच्या डब्यात, मग महू, इंदूर करत इथे. म्हणजे प्रत्येक घड वाटेत एकदा जास्तीचा उतरायचा आणि चढायचा. हमालानं हळू ठेवला तर ठीक, आपटला तर इथे पोचेपर्यंत एक बाजू काळी. त्यात संस्थानांच्या हद्दींवरच्या जकाती होत्या, त्यामुळे आमच्याकडे खानदेशी केळं म्हणजे जवळजवळ सफरचंदाच्या मानाचं.

भाव डझनावर असे, आणि त्या हिशेबाची एक गंमत होती, ती मला आईनं शिकवली. डझनाला जितके आणे, तितक्या पै एका केळ्याला. सहा आणे डझन, तर सहा पै एक. बारा पैचा आणा आणि बाराचा डझन, त्यामुळे भागाकार करावाच लागत नसे. आई शाळेत गेली नव्हती, पण मंडीत तिला कोणी फसवू शकलं नाही.

वडील लवकर गेले. मी हिशेबखात्यात नोकरीला लागलो आणि धाकट्या बहिणीचं लग्न ही घरातली पहिली मोठी जबाबदारी माझ्यावर आली. बहीण भयंकर बोलकी. सकाळी डोळे उघडले की सुरू, ते झोपेपर्यंत. आमचे पूर्वज दरबारच्या चाकरीत इकडे आले त्याला काही पिढ्या झाल्या, त्यामुळे आमच्या मराठीत हिंदी मिसळलेली. बहीण तर दोन्ही एकाच वाक्यात बोलायची. शेजारच्या मालवी बायकांशी गप्पा, रामघाटावरच्या पंडितांशी वाद, सगळं तिलाच जमायचं.

तिला पाहायला आले ते रावेरच्या बाजूचे लोक. त्यांच्या स्वतःच्या केळीच्या बागा होत्या, शिवाय आसपासच्या बागांचा माल घेऊन ते उत्तरेकडे मालगाडीच्या वाघिणी भरून पाठवत. अशा लोकांना आईनं शिकरण करायचं ठरवलं. आमच्या घरी पाहुण्यांसाठी हाच रिवाज होता. मी मंडीत जाऊन सगळ्यांत महाग, पिवळीधमक, एकही डाग नसलेली केळी आणली. माझा हिशेब सरळ होता: भाव जास्त, माल उत्तम.

मुलाच्या आईनं एक घास घेतला आणि वाटी खाली ठेवली. “केळी कुठली?”

“बऱ्हाणपूरची,” मी ऐटीत म्हणालो.

“गाव चांगलं आहे. पण ही वखारीत धूर देऊन घाईनं पिवळी केलीत. दुधात पडूनही कडकच आहेत.”

माझं तोंड उतरलं. तेवढ्यात आतल्या खोलीतून, जिथे बहिणीनं मुकाट बसायचं होतं, तिचा आवाज आला, “आई, मी म्हटलं होतं ना दादाला, ठिपक्यांची आण म्हणून!”

मग मुलाचे वडील मोठ्यानं हसले. “अहो, केळी नापास, पण मुलगी पास. घरात कोणी बोलणारं हवंच होतं आपल्याला.”

लग्न झालं. पाठवणी करताना आईनं तिच्या ट्रंकेत इथल्याच भैरवगढच्या छापाची दोन लुगडी घातली. नवीन नव्हती, आईनं नेसून मऊ केलेली होती.

पहिल्या माहेरपणाला बहीण आली ती निराळीच होऊन. विचारलं तर उत्तर द्यायची, तेही तोलून मापून. आईनं चार दिवस वाट पाहिली. मग भाजी निवडता निवडता एकदम विचारलं, “काय गं, मारतात का?”

“छे गं! सगळे चांगले आहेत.”

“मग?”

“मी तोंड उघडलं की हसतात. परवा मी आलूची भाजी म्हणाले, तर सासूबाई म्हणाल्या, ‘आलू तुमच्या उज्जैनला, आमच्याकडे बटाटे पिकतात बाई.’ भोपळ्याला कद्दू म्हटलं की नणंद हसून लोळते. वाईट मनानं नाही हसत. पण मी आता आधी मनात बोलून बघते, मग तोंडानं. तोपर्यंत दुसरा विषय सुरू झालेला असतो.”

ती परत गेल्यावर आई मला म्हणाली, “माझी चिमणी मुकी केली रे त्यांनी.” पुढची दोन-तीन वर्षं आईच्या मनात हेच एक घर करून होतं.

पत्रांचा उपयोग नव्हता. तिथे पत्र घरातल्या सगळ्यांसमोर लिहिलं जाई आणि “सर्व क्षेम” पलीकडे जात नसे. पण दर वर्षी तुळशीच्या लग्नाच्या सुमारास त्यांच्या बागेतला एक हिरवा घड रेल्वे पार्सलनं आमच्याकडे येई. वाळलेल्या पाल्यात गुंडाळलेला, आणि दर दोन फण्यांच्या मध्ये भैरवगढच्या छापाच्या लुगड्याची एक चिंधी घातलेली, म्हणजे खंडव्याला आपटला तरी फळावर फळ घासू नये. हे तिच्या हातचं काम. आई त्या चिंध्या धुऊन वाळवून ठेवी. घड धान्याच्या रिकाम्या कोठीत गवत घालून पिकत ठेवायचा. थंडीत पिकायला वेळ लागायचा, पण पिकला की सगळ्या घराला वास. तसं केळं मी मंडीत कधीच खाल्लं नाही.

राज्यांची पुनर्रचना झाली त्या वर्षीही घड आला. आमचं मध्यभारत नव्या मध्यप्रदेशात गेलं होतं, भोपाळला जायच्या फायली पेट्यांत भरणं चालू होतं, आणि कोणाची बदली कुठे होणार याशिवाय कचेरीत बोलणं नव्हतं. मी संध्याकाळी दमून आलो, तर आई पार्सल उघडून समोर बसलेली. पाला होता, वर सुतळी आवळलेली होती, पण आत चिंधी एकही नाही. दोन फण्या घासून काळ्या पडलेल्या.

“हे तिच्या हातचं नाही,” आई म्हणाली.

“चिंध्या संपल्या असतील.”

“दोन लुगडी होती, इतक्यात संपायची नाहीत. पोर अंथरुणावर असेल, नाहीतर त्यांनी तिला कशालाच हात लावू दिला नसेल. तू जा.”

“आई, आत्ता रजा कशी मिळेल? राज्य बदलतंय.”

“राज्यं होतील नि मोडतील. तू उद्या गाडीत बस.”

साहेबांची बोलणी खाऊन रजा घेतली. खंडव्याला गाडी बदलताना फलाटावर केळीचे घड उतरत होते. एक हमाल ते दगडांसारखे फेकत होता. मला त्या वेळी त्या घडांची काळजी वाटली की बहिणीची, आज सांगता येणार नाही.

तिच्या घराच्या ओटीवर पोचायच्या आधीच मला आवाज ऐकू आला. ओटीवर तिचे सासरे आणि दिल्लीकडचा एक जाडजूड व्यापारी बसले होते. सासऱ्यांची हिंदी बऱ्हाणपूर ओलांडलं की संपायची. ते बोलत नव्हतेच. बोलणं येत होतं आतल्या दाराआडून.

“सेठजी, माल हमने हरा दिया, भरा हुआ दिया. आपकी वखार में धुआँ ज़्यादा हो गया तो उसमें हमारा क्या क़सूर? भाव में एक पैसा नहीं छूटेगा.”

“बेटी, पिछली बार तो…”

“पिछली बार की बात पिछली बार हो गई. चाय लीजिए.”

व्यापाऱ्यानं चहा घेतला. सासऱ्यांनी मला पाहिलं, उठून उभे राहिले आणि डोळा मिचकावला. दाराआड तिच्या मागेच सासूबाई उभ्या होत्या. मला म्हणाल्या, “या. ऐकलंत ना? आम्ही तिला हसलो, आणि आता ती आम्हाला बोलू देत नाही.”

झालं होतं ते इतकंच. उत्तरेचे व्यापारी हिंदीत लिहीत, हिंदीतच भांडत, आणि यांचा माल दर खेपेला भावात मार खाई. एकदा वाचायला दुसरं कोणीच नसताना तिनं एक पत्र वाचून दाखवलं, मग त्याचं उत्तर लिहिलं. मग वाघिणींचं सगळंच तिच्याकडे आलं. घड बांधायला वेळ नव्हता म्हणून गड्याला सांगितलं.

मी येण्याचं कारण सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. “आईनं केळी बघून मला आजारी पाडलं! दादा, तू रजा घेऊन आलास? सुतळी बघून?” आणि लगेच पुढे, “आलाच आहेस तर सांग, उज्जैनला डझनाचा भाव काय चाललाय? व्यापारी एक सांगतो, दलाल एक सांगतो.”

मला सांगता आला नाही. मी दिवसभर आकड्यांत काम करणारा माणूस, आणि मला माझ्याच गावचा भाव ठाऊक नव्हता. तिनं दोन्ही हात कमरेवर ठेवले. “हिशेबखात्यात करतोस काय मग? दर आठवड्याला मंडीत जा, भाव लिही, माल पोचतो कसा तेही लिही. आलूच्या भाजीची शपथ!” सासूबाईसुद्धा हसल्या.

परत आलो तेव्हा आई दारातच उभी होती. तब्येतीचं काही विचारलं नाही. “बोलत होती का?”

“बोलतच होती. मला बोलू दिलं नाही.”

आई आत गेली आणि कोठी उघडून केळी चाचपू लागली. बराच वेळ चाचपत होती.

तेव्हापासून मी भाव विचारू लागलो. दर रविवारी मंडी, संध्याकाळी पोस्टकार्ड. भाव, देठाची हिरवाई, ठिपके, खंडव्याला किती माल काळा पडला, सगळं. पुढे नवे पैसे आले आणि आईची ती गंमत संपली. सहा आण्यांचे साडेसदतीस पैसे, तो अर्धा पैसा नेहमी केळीवाल्याकडेच राहायचा. रावेर महाराष्ट्रात गेलं. आता भाच्यानं काम हातात घेतलं आहे, त्यांच्याकडे टेलिफोन आहे, माझ्या कार्डाची कोणाला गरज नाही. आईही राहिली नाही.

बहिणीची उत्तरं येत ती मात्र आठवतात. त्यांत “सर्व क्षेम” कधीच नसे. “दादा, मागचा भाव तू चुकीचा लिहिलास. इंदूरपेक्षा उज्जैन स्वस्त कसं असेल? नीट विचारत जा, लाजू नकोस.” मी ते आईला वाचून दाखवी आणि चिडून म्हणे, बघ, अजून माझ्यावरच ओरडते.

“भांडलीय ना?” आई विचारी.

“हो.”

“मग ठीक आहे,” असं म्हणून ती पुन्हा तांदूळ निवडायला लागे.