बॉयलरच्या बटणावरची मिरची

मी या इमारतीत राहायला आले त्याच दिवशी समोरच्या दारातली बाई माझ्याकडे आली. तिनं नावगाव काही विचारलं नाही. माझी इस्त्री उलटी करून मागचा आकडा वाचला, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटली आणि म्हणाली, "साडेचार अँपिअर. चालेल. पण शेगडी चालू असताना लावत जाऊ नकोस." ही त्सोंका. तिचं नाव मला दुसऱ्या दिवशी कळलं.

ती आमच्या लोम गावच्या बंदरावर क्रेन चालवायची. डॅन्यूबवरून आलेल्या बोटी रिकाम्या करण्यात तिची उमर गेली, त्यामुळे कशाला किती भार सोसेल हे बघायची सवय अंगातच मुरलेली. पण विजेचा नाद लागला तो नवऱ्यामुळे. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात घरातला फ्यूज सारखा उडायचा. नवरोबांनी फ्यूजमधल्या तारेऐवजी खिळा बसवला. फ्यूज उडायचा थांबला आणि आठवड्याभरात स्वयंपाकघराच्या भिंतीतून धूर आला. त्सोंकानं बंदरावरच्या वायरमनला गाठलं. "वस्तूवर वॉट लिहिलेले असतात आणि फ्यूजवर अँपिअर. या दोघांची सोयरीक कशी जुळवायची?" तो म्हणाला, "वॉटला दोनशे वीसनं भाग. आपल्याकडे व्होल्ट तेवढेच येतात." तेव्हापासून तिचा नवऱ्यावरचा विश्वास कमी झाला आणि भागाकारावरचा वाढला.

सप्टेंबर लागला की तिचं राज्य सुरू होतं. लाल, लांबोड्या, गोड मिरच्यांची पोतीच्या पोती येतात, आणि अख्खी इमारत मागच्या अंगणात उतरते. मिरच्या भाजायच्या, सोलायच्या, टोमॅटोबरोबर शिजवून हिवाळ्यासाठी बरण्या भरायच्या. भाजायला प्रत्येकाकडे चुश्कोपेक असतो, म्हणजे विजेवर लाल होणारा उभा डबा. मिरची आत सोडायची, झाकण लावायचं, साल काळी पडली की काढायची. पण बाहेर वीज नाही. ती येते त्सोंकाच्या स्वयंपाकघरातून, खिडकीतून सोडलेल्या जाड केबलीनं. एका डब्याला आठशे वॉट. चार डबे लावले की साडेचौदा अँपिअर, आणि तिचा फ्यूज सोळाचा. म्हणून चारच. तिसऱ्या मजल्यावरचा म्लादेन दरवर्षी आपला पाचवा डबा काखेत मारून येतो.

"त्सोंकाताई, एकच तर आहे. इवलासा."

"इवलासा म्हणे! अठराच्या वर जातं ते. रांगेत उभा राहा, मिरची पळून नाही जायची."

शिवाय तिच्या घरात स्वयंपाकघराची आणि बॉयलरची, म्हणजे आंघोळीचं पाणी तापवायच्या टाकीची, लाइन एकच. म्हणून मिरच्यांच्या दिवसांत ती बॉयलरच्या बटणावर दोऱ्यानं एक लाल मिरची टांगते. बंदरावर कुणी तारांचं काम करत असलं की बटणावर पाटी लावायचे, हात लावू नका म्हणून. ही तिची पाटी. मिरची दिसली की बटण दाबायचं नाही, हे आमच्या इमारतीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

यंदा तिचा मुलगा प्लामेन नेमका त्याच दिवसांत स्पेनहून आला. तिथं तो ट्रक चालवतो. वसंतात त्सोंका दूध तापत ठेवून खाली गप्पा मारत बसली होती, भांडं जळलं, जिन्यात धूर झाला, आणि म्लादेननं लगेच स्पेनला फोन लावला. तेव्हापासून प्लामेनचा एकच धोशा, आई, आता तू एकटी राहायचं नाही. या वेळी तो तिला घेऊनच जायचं ठरवून आला होता. गाडीतल्या पुढच्या सीटवर तिच्यासाठी उशीसुद्धा ठेवली होती. त्सोंका गेली तर मी सकाळची कॉफी भिंतीबरोबर पिणार होते का?

ती मात्र शांत. "मिरच्या होऊ देत, मग बोलू," एवढंच म्हणाली आणि अंगणात उतरली.

चारही डबे लाल झाले होते, आमचे हात कोपरापर्यंत माखले होते, आणि सगळं एकदम थंड पडलं. मिरच्या अर्ध्याकच्च्या. म्लादेन म्हणाला, "घ्या! भागाकार चुकला वाटतं." तेवढ्यात प्लामेन खाली आला. स्वयंपाकघरातला दिवाही गेला होता.

"बघितलंस ना आई? दूध झालं, आता हे. उद्या घर पेटेल. बॅग भरायला घे."

सगळ्यांसमोर बोलला. त्सोंकाचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत तिला स्वतःवर शंका घेताना मी कधी पाहिलं नव्हतं, तेव्हा पाहिलं. मला त्या पोराचा असा राग आला की हातातली मिरची त्याच्या शर्टावर फेकावीशी वाटली.

पण ती वाकली. एकेक डबा निवू दिला, फडक्यानं धरून उलटा केला, आकडा वाचला. आठशे, आठशे, आठशे, आठशे. मग उभी राहिली.

"साडेचौदाच आहेत. इस्त्रीबिस्त्री कुणी लावली असती तर फ्यूज बराच वेळ कुरकुरला असता. हा तडकाफडकी गेला, म्हणजे कुणीतरी मोठं धूड लादलं. माझ्या घरात एवढं धूड एकच आहे, तीन हजार वॉटचं." ती मुलाकडे वळली. "प्लामेन, मिरची कुठाय?"

"कुठली मिरची?"

"बॉयलरच्या बटणावरची."

प्लामेन कान खाजवत म्हणाला, "प्रवासानं अंग आंबलं होतं. म्हटलं पाणी तापेपर्यंत... खाल्ली मी ती. मीठ लावून, चीजबरोबर."

अंगण खदखदून हसलं. म्लादेननं तर गुडघ्यावर थाप मारली. "अरे, लहानपणी तूच टांगायचास की ती! आता विसरभोळा कोण म्हणायचं?"

"म्लादेन, तोंड आवर," त्सोंका म्हणाली. "दमून आलंय पोर."

तिनं नवा फ्यूज बसवला, बॉयलर बंद केला, आणि डबे पुन्हा लाल झाले.

बरण्या झाकून आम्ही तिघं तिच्या टेबलाशी टेकलो तेव्हा प्लामेनच म्हणाला, "तुझा हिशेब बरोबर आहे आई. पण मला भीती वाटते गं. एवढ्या लांब बसून मी काय करू?"

"मलाही वाटते," ती म्हणाली. "त्या पहिल्या धुरापासून वाटते. म्हणून तर भागत बसते. भीती वाटायची थांबली ना, की ये मला न्यायला."

त्यानं उठून ताटातली एक मिरची उचलली, देठाला दोरा बांधला आणि बॉयलरच्या बटणावर टांगून आला. उरलेली पोती तर अजून भाजायची होती.

आठवड्यानं तो एकटाच निघाला. पुढच्या सीटवर उशी होती, उशीवर बरण्यांचं खोकं, आणि खोक्याला पट्टा लावलेला. त्सोंका हात हलवत उभी राहिली. आत आल्यावर ती रडली, आणि मीही रडले.

संध्याकाळी सरहद्दीवरच्या हॉटेलातून त्याचा फोन आला. मी शेजारीच होते.

"आई, शेगडी बंद केलीस?"

"केली रे बाबा. आंघोळ कर आणि झोप."

तिनं फोन ठेवला. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, स्वयंपाकघरात गेली आणि शेगडी बघून आली. बंदच होती.