सरळ केलेला शुक्र

आमच्या ह्यांनी जन्मभर पंखे दुरुस्त केले, जळलेल्या मोटरींत नवी तार भरली. मागच्या आजारपणानंतर हात कापायला लागला आणि दुकानाला कुलूप लागलं. तेव्हापासून हे दिवसभर खुर्चीत बसून माझ्या फोडणीतल्या चुका काढतात. नुसता वैताग. मुलाने मोटर भरायच्या मशीनला गिऱ्हाईकही बघून ठेवलं.

सूनबाई विज्ञान केंद्रात कामाला आहे. तिथली फिरती ग्रहमाला बंद पडली होती. "बाबा, बघता का जरा?" तिने विचारलं.

"बघतो. नाही जमलं तर मशीन देऊन टाका," हे म्हणाले. मशीन गेलं की हा माणूस खुर्चीतून उठायचा नाही, हे मला पक्कं ठाऊक.

मग काय, जेवायच्या टेबलावर ग्रहांचा पसारा. गुरू-शनीकडे चंद्रांचा हा गोतावळा, मंगळाला दोन, आपल्याला एक. बुध-शुक्राकडे कुणीच नाही. "सुटले बिचारे," मी म्हटलं. युरेनस आडवा दिसला तेव्हा ह्यांनी सुनेला विचारलं. "तो लोळतच फिरतो, बाबा." मग त्याला तसाच ठेवला. शुक्राचं मात्र काही विचारलं नाही.

शेवटचा स्क्रू केंद्रातल्या पोरांच्या कार्यक्रमाच्या सकाळी बसला. सुनेला चालवून बघायला वेळच मिळाला नाही. सगळी पोरं जमल्यावर ती म्हणाली, "आता शुक्र बघा. हा स्वतःभोवती बाकीच्यांच्या उलटा फिरतो."

शुक्र गुणी बाळासारखा सगळ्यांबरोबर फिरत होता. पोरं खिदळली, सुनेचा चेहरा पडला. माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. उलटा पंखा दिसला की ह्यांचा हात थांबतोय कुठला? शुक्रालाही सरळ करून मोकळे झाले होते.

"चूक माझी आहे," म्हणत हे उठले आणि स्क्रू ड्रायव्हर काढला. सगळे शुक्राकडे बघत होते, मी ह्यांच्या हाताकडे. हात कापत होता. तशाच हाताने त्यांनी स्क्रू सोडवला, दोन वायरींची अदलाबदल केली आणि स्क्रू परत बसवला. वेळ लागला. पण शुक्र उलटा फिरायला लागला आणि पोरांनी हॉल डोक्यावर घेतला.

"जन्मभर उलटे पंखे सरळ केले," हे सुनेला म्हणाले, "टाळ्या मिळाल्या त्या उलटं फिरवल्यावर."

घरी आल्यावर मुलाने हळूच मशीनचा विषय काढला.

"हात कापतो," हे म्हणाले. "कापू दे. त्या माणसाला नाही म्हणून सांग."

मी तिथेच, सगळ्यांसमोर रडले.