विहीर बुजवायला आलेली बाई

रिफत सरखोतचं कुणाशीच पटत नसे. कोकणातल्या बोर्ली पंचतनहून कतारला आला तेव्हा आधी अल मन्सूऱ्यातल्या एका किराणा दुकानात होता. तिथे मालकाशी भांडला. मग गॅरेजात लागला, तिथे मेकॅनिकच्या अंगावर धावून गेला. शेवटी अल रय्यानच्या पलीकडे एका कतारी गृहस्थाच्या मजऱ्यावर, म्हणजे शेतावर, राखणीला राहिला आणि तिथे टिकला. कारण भांडायला खजुराची झाडं आणि बकऱ्या सोडून कुणी नव्हतं. गावाहून बायको नजमा फोनवर म्हणायची, "तुमाला वाळवंटच बरा. तुमच्या तोंडाला शेजार सोसायचा नाय."

पण शेजार आलाच. वर्ल्ड कपसाठी चहूकडे रस्ते उकरले जात होते, त्यात मजऱ्याच्या कुंपणाला खेटून एक उड्डाणपूल निघाला. धुरळ्याने खजुराचे घड मळले, तेव्हा रिफतने क्रेनच्या ड्रायव्हरला खाली उतरवून शिव्या घातल्या. साइटचा फोरमन शहाजी बार्शीकडचा. तो कुंपणापलीकडून ओरडला, "ओ चाचा, पूल काय तुमच्या डोक्यावर बांधतोय का?"

"बांधून तर बघ," रिफत म्हणाला.

मग एक दिवस फाटकाशी हेल्मेट घातलेली एक बाई आली आणि हिंदीत आत येऊ द्या म्हणाली. रिफत मराठीत पुटपुटला, "आता ही कोण भवानी?"

"भवानी नाही, मृणालिनी देवरे," बाईने मराठीतच सुनावलं. "नाशिकची. पुलाच्या कामात पाण्याचं आणि पर्यावरणाचं बघते. फाटक उघडा."

तिथून पुढचं भांडण मराठीत झालं, आणि त्याला धार आली.

मजऱ्यावर पाण्याच्या दोन जागा होत्या. मधोमध पंपाची बोअर; तिच्यावर सगळं शेत जगायचं. आणि कुंपणालगत एक जुनी, वापरात नसलेली विहीर, वर पत्रा टाकलेली. मृणालिनीने पत्रा सरकवून आत वाकून पाहिलं आणि म्हणाली, "ही तळापासून सिमेंटने भरून बंद करावी लागेल."

"विहीर बुजवायला सांगता? आमच्याकडे कोरड्या विहिरीत पण कोण दगड टाकीत नाय."

"रिफतभाई, पलीकडे खांबासाठी आम्ही खोल भोक पाडणार. ते ढासळू नये म्हणून त्यात चिकणमातीचा राडा भरतात. इथला खडक चुनखडीचा, आतून पोखरलेला. राडा एखाद्या पोकळीत शिरला, की या विहिरीत उतरेल आणि तिथून थेट खालच्या पाण्यात. मग तुमची बोअर संपली."

"तुमचा पूल नसता तर माझी बोअर कशाला संपली असती?"

"पुलाचं मला विचारू नका," ती म्हणाली. "विहिरीचं बोला."

रिफतची समजूत अशी होती, की जुनी विहीर उघडी आहे म्हणूनच बोअरचं पाणी गोडं राहिलंय. जमिनीला श्वास घ्यायची ती जागा. त्याने तसं सांगितलं आणि बाई हसली. ते हसणं त्याच्या जिव्हारी लागलं. त्याने फाटक लावून घेतलं आणि संध्याकाळी मालकाचे कान भरले, की पुलवाले विहीर बळकावायला टपलेत. मालकाने कंपनीला कळवून टाकलं: विहिरीला हात लावायचा नाही.

पुढची बातमी शहाजीने कुंपणावरून दिली. बाई म्हणे अडून बसली, विहीर बंद झाल्याशिवाय त्या खांबाचं काम नाही. पुलाच्या कामाचा मॅनेजर भडकला. मालकालाच नको असेल तर आपल्याला काय पडलंय, म्हणाला आणि बाईला त्या खांबावरून काढून टाकलं. "यल्ला, चला, आता उद्यापासून सुरू," शहाजी खुशीत म्हणाला. रिफतने त्या दिवशी पहिल्यांदा त्याला ओंजळभर खजूर दिले.

यंत्र लागलं. दोन दिवस जमीन हादरत राहिली. तिसऱ्या दिवशी पलीकडे आरडाओरडा ऐकू आला: भोकातला राडा एकाएकी खाली गेला होता, आणि शहाजीची माणसं वरून आणखी ओतत होती. त्याने विहिरीवरचा पत्रा ओढला. आत राखाडी, दाट राडा वर चढत होता, आणि त्याला डिझेलचा वास होता.

धावत जाऊन त्याने बोअरचा नळ सोडला. पाणी स्वच्छ होतं. आहे तोवर भरून घ्यावं म्हणून त्याने पंप पूर्ण वेगाने लावला आणि मग, दात खाऊन, बाईने पहिल्या दिवशी दिलेल्या नंबरवर फोन केला.

ती आली ती सलाम-नमस्कार न करता. "पंप चालू आहे?"

"टाकी भरून घेतोय."

"बंद करा! तो राडा तुम्ही स्वतः ओढताय बोअरकडे!"

त्याने धडपडत बटण दाबलं. तेवढ्यात ती कुंपणापलीकडे पोचली होती. मॅनेजरची ऑर्डर आहे, असं शहाजी म्हणेपर्यंत तिने यंत्राची चावी काढून खिशात घातली. फोनवरचा मॅनेजरचा आवाज रिफतला कुंपणाअलीकडे ऐकू येत होता. बाई फक्त एवढंच म्हणाली, "या सर, इथे येऊन ओरडा. आणि येताना राडा उपसायचा टँकर घेऊन या."

विहीर उपसली गेली, धुतली गेली आणि शेवटी तळापासून सिमेंटने भरली. बोअर मात्र पाण्याचे नमुने स्वच्छ येईपर्यंत बंद ठेवायची होती. उन्हाळाभर कंपनीने टँकरने पाणी द्यायचं ठरलं, पण टँकर कधी यायचा, कधी नाही. बकऱ्यांचा लसूणघास करपला, खजुराची कोवळी रोपं उभी वाळली. बाई नमुने घ्यायला आली, की रिफत तिला तोंडाला येईल ते बोलायचा.

"ओरडा," ती बाटली भरत म्हणायची. "पण पंपाला हात लावू नका."

मालकाने दोघांना मजलिसमध्ये, म्हणजे आपल्या बैठकीत, बोलावलं. विहिरीचा धोका आधी कुणीच कसा सांगितला नाही, त्याने विचारलं. रिफत म्हणाला, "यांनी सांगितलंच नाही."

"मी याला सांगितलं," मृणालिनी शांतपणे म्हणाली. "याने तुम्हाला भलतंच सांगितलं. आणि तुम्ही नाही म्हणालात."

मालक "खलास", विषय संपला, म्हणून उठला. रिफतची नोकरी राहिली, पण त्या दिवसानंतर मालकाने त्याला कधी जवळ बसवलं नाही.

बाहेर आल्यावर रिफत फुत्कारला, "माझ्या पोटावर पाय द्यायला निघालात?"

"खोटं तुम्ही बोललात," म्हणून ती गाडीत बसली.

बोअरचं पाणी शुद्ध निघालं. पंप सुरू झाला. मृणालिनीला, सारखी कामं थांबवते म्हणून, दूर दुसऱ्या पुलावर पाठवलं. बला टळली, रिफत म्हणाला.

तिच्या जागी नमुने घ्यायला एक गोड बोलणारा माणूस आला. "कैसे हो, चाचा?" म्हणायचा, चहा प्यायचा आणि बोअर न उघडता टाकीच्या नळाखाली बाटली धरायचा. टाकीत टँकरचं जुनं पाणी मिसळलेलं होतं. रिफतने एकदा सांगून पाहिलं. "सब एक ही पानी है, चाचा," तो हसला. पुढच्या खेपेला रिफतने बाटली हिसकावून त्याच्या बुटांवर ओतली आणि त्याला फाटकाबाहेर काढलं.

मग फोन लावला.

"कोण?"

"सरखोत. मजरा."

"आता काय?"

"तुमचा तो माणूस टाकीचं पाणी भरून नेतोय."

"मी आता तिकडे नाही."

"मग दुसऱ्या कोणाकडे तरी बोंब मारा. तोंड चालतं ना तुमचं?"

"तुमच्याइतकं नाही," ती म्हणाली आणि फोन आपटला.

आठवड्याभरात वेगळाच कुणी आला, बोअर उघडून नमुना घेऊन गेला. त्याला कुणी पाठवलं हे रिफतने विचारलं नाही, आभाराचा फोनही केला नाही.

पुढे पूल सुरू झाला. रिफत त्यावर आजवर चढलेला नाही. दोह्याला जायचं तर जुन्या रस्त्याने वळसा घालतो, आणि कुणी कारण विचारलं तर पुलाला आणि त्या बाईला एका दमात शिव्या घालतो.