फुली वर, गोल खाली

बागेतल्या माणसांनी त्यांना अंडेकाका हे नाव ठेवलं ते काही उगाच नाही. सत्तावीस वर्षं या माणसानं कोंबडीची पिल्लं उबवण्याच्या कारखान्यात काढली. कोंबडीचं अंडं दिवसातून तीनदा फिरवावं लागतं, नाहीतर पिल्लू कवचाला चिकटून मरतं. यंत्रं फार उशिरा आली, तोवर सगळं हातानं. अंड्याच्या एका अंगाला पेन्सिलीनं फुली, दुसऱ्या अंगाला गोल. सकाळी फुली वर, दुपारी गोल वर, संध्याकाळी पुन्हा फुली, दुसऱ्या दिवशी गोलापासून सुरुवात. निवृत्त झाल्यावरही काकांची बोटं बसल्या जागी काहीतरी फिरवत असायची. काकू म्हणायच्या, "अहो, तो पेला ठेवा खाली. त्यातून काही पिल्लू निघायचं नाही."

घरात जीव रमेना, म्हणून काका सार्वजनिक बागेत माळीकाम करू लागले. बागेत तळं होतं आणि तळ्यात पाणदिवडी. चौकड्याचौकड्यांच्या अंगाचे हे साप. विष नाही, पण डिवचलं तर कडकडून चावतील. थंडी सरत आली की त्यांचा जोडी जमवायचा मोसम. एक जाडजूड मादी पुढे आणि दोन-तीन सडपातळ नर तिच्या मागे, एकमेकांना ढकलत. काका खुरपं टाकून बघत बसायचे. "तीन नवरे आणि नवरी एक, कठीण आहे बाबांनो," असं म्हणून स्वतःच हसायचे.

त्या वर्षी मोसम उलटून महिना-दोन महिने झाले असतील. तळ्याकाठी पाल्याच्या खताचा ढीग होता, तो वरखाली करायचा होता. काकांनी फावडं जोरात घातलं आणि हाताला भलतंच मऊ लागलं. पाला बाजूला सारला तर तीच जाडजूड मादी, अंड्यांभोवती वेटोळं घालून बसलेली. पळाली असती तर वाचली असती. पळाली नाही, आणि फावडं मानेवर बसलं. काकांनी तिला तिथेच काठावर पुरलं. आयुष्यात मुंगीवर पाय पडला तरी हळहळणारा माणूस हो!

अंडी अडतीस होती. लांबट, पांढरी, कवच कातड्यासारखं मऊ. काकांनी औजारांच्या खोलीत एका खोक्यात ओला पाला अंथरला आणि सत्तावीस अंडी त्यात ओळीनं मांडली. अकरा खोक्यात मावली नाहीत, ती पिशवीतून घरी आणली आणि काकूंच्या जुन्या मडक्यात ठेवली.

"आईला मी मारलं," काका म्हणाले. "आता पिल्लं नाही जगवली तर मला माझं तोंड बघवणार नाही. खोक्यातली मी बघतो. ही घरातली दिवसातून तीनदा तू फिरवायची. फुली वर, मग गोल वर. कळलं?"

काकूंना गांडूळ बघितलं तरी शहारा यायचा. पण नवऱ्याचा तो चेहरा बघून त्या एवढंच म्हणाल्या, "कळलं."

पुढचे चाळीस दिवस काकांनी एक खाडा केला नाही. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, "फिरवली?"

"फिरवली हो."

"बघू जरा."

"अजिबात नाही. सारखं उघडलं की ऊब जाते, तुम्हीच सांगता ना?" काकू मडक्यावरचं ओलं फडकं दाबून धरायच्या. काकांना बरं वाटायचं. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोनं त्यांचा शब्द पहिल्यांदाच इतका मनावर घेतला होता.

खोक्यातली काही अंडी मात्र पिवळी पडून आत दबली होती. ओल कमी पडली असेल, असं म्हणून काका आणखी पाणी शिंपडायचे.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई रोज सकाळी बागेत फिरायला यायच्या. एक दिवस काकांनी त्यांना मोठ्या कौतुकानं खोका दाखवला. बाई वाकल्या, आणि पेन्सिलीच्या खुणा बघून थबकल्या.

"काका, ही अंडी तुम्ही फिरवता?"

"म्हणजे काय! दिवसातून तीनदा. आमचा हातखंडा आहे."

बाई हळूच म्हणाल्या, "काका, पक्ष्याचं अंडं फिरवतात. सापाचं पडल्या जागी तसंच राहू द्यायचं असतं. आतला जीव सुरुवातीलाच वरच्या अंगाला धरून बसतो. उलटं केलं की गुदमरतो."

काकांनी खोक्यावर पाला ओढला आणि भर सकाळी घरची वाट धरली. दारातच काकू म्हणाल्या, "अहो, काय झालं? बरं नाही का?"

"सगळी मारली गं मी," काका म्हणाले. "अडतीसच्या अडतीस. आईसकट एकोणचाळीस. प्रेमानं मारली, रोज तीनदा." आणि काय काय कळलं ते त्यांनी सांगितलं.

काकू भिंतीला टेकल्या. "रागावणार नसाल तर एक सांगू?"

"आता कोणावर रागावू?"

"मी हातच लावला नाही त्यांना. एकदाही नाही. रोज ठरवायचे, आज फिरवायची. फडक्याचं टोक उचललं की घाम फुटायचा. मग वरूनच पाणी शिंपडायचे. तुम्हाला रोज खोटं सांगितलं हो."

काकांनी फडकं उचललं. अकराच्या अकरा अंड्यांवर फुली वर होती, पहिल्या दिवशी त्यांनीच काढलेली. अंडी पांढरी होती, टम्म फुगलेली. काकांनी त्या फुल्या मोजल्या आणि पुन्हा मोजल्या.

"खोटारडी कुठली!" ते म्हणाले, आणि काकूंचे दोन्ही हात धरून लहान मुलासारखे रडले.

पुढं हाल केले ते वाट बघण्यानं. बाईंनी सांगितलेले दोन महिने भरले, वर तीन दिवस गेले. कारखान्यात दिवस उलटलेली अंडी फेकायचा नियम होता आणि तो काकांनीच किती वर्षं पाळला होता. इथे त्यांनी मडक्याला बोट लावू दिलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी काकू ओरडल्या, "अहो, धावा!" एका कवचाला चीर पडली होती आणि चिरेतून इवलंसं नाक बाहेर आलं होतं. संध्याकाळपर्यंत नऊ झाली. दोन निघाली नाहीत ती नाहीतच, आणि खोक्यातलं एकही नाही. काकांनी ती सगळी अंडी तळ्याकाठी, मादीला पुरलं होतं तिथेच पुरली.

दुसऱ्या दिवशी दोघांनी मडकं तळ्यावर नेलं आणि काठाच्या गवतात आडवं केलं. पेन्सिलीएवढी पिल्लं, अंगावर आईसारख्याच चौकड्या. एकेक करून आठ पाण्यात शिरली. नववं तळाशी वेटोळं करून बसलं.

"काढा ना त्याला," काकू म्हणाल्या.

काकांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. "तू काढ. माझे हात नकोत त्याला."

"मी? वेड लागलंय का तुम्हाला?"

काकांनी हात पाठीमागे बांधले. काकूंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, बाही वर सारली, डोळे घट्ट मिटले आणि मडक्यात हात घातला. हात बाहेर आला तेव्हा पिल्लू त्यांच्या बोटाला विळखा घालून होतं. काकूंनी एक डोळा उघडला, मग दुसरा.

"किती गार आहे हो," त्या म्हणाल्या. "आणि वजनच नाही."

"सोड आता. जाऊ दे त्याला."

"सोडते हो. जरा थांबा," काकू म्हणाल्या, आणि हात पाण्यावर तसाच धरून बसल्या.